सदुसष्ट गावं आणि एक फाशी

चंद्रपूरच्या कारागृहात एक पिंपळ आहे. २१ ऑक्टोबर १८५८ या दिवशी बाबूराव शेडमाके यांना तिथे फाशी दिली गेली. दरवर्षी त्या तारखेला लोक तिथे जमतात, फुलं वाहतात, 'जय सेवा' म्हणतात. २००९ मध्ये टपाल खात्याने बाबूरावांच्या नावाचं तिकीट काढलं. आमच्याकडे शाळकरी पोरांनाही हे नाव ठाऊक असतं.

ही गोष्ट मी लहानपणापासून अनेकांच्या तोंडून ऐकली. सांगणारा कुणीही असो, शेवटी एक वाक्य यायचंच: "इंग्रजांना काय जमत होतं? आपल्याच माणसांनी धरून दिलं." मग अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंचं नाव निघायचं, कुणीतरी 'फितूर' म्हणायचं आणि गोष्ट संपायची.

मला वाटतं, खरी गोष्ट तिथे सुरू होते. 'फितूर' म्हटलं की सगळा दोष एका बाईच्या पदरात पडतो आणि जिने हा सौदा रचला ती सत्ता नामानिराळी राहते. परक्या देशातून आलेले मूठभर अधिकारी एवढ्या मोठ्या जंगलावर राज्य कसं करत होते? निव्वळ बंदुकीच्या धाकाने की लोकांच्या संमतीने? हा प्रश्न जगभर विचारला गेला आहे. मॅकियाव्हेलीने राजाला विचारलं, प्रजेने तुझ्यावर प्रेम करावं की तुला भ्यावं? मुसोलिनीच्या तुरुंगात बसून अंतोनियो ग्राम्शीने लिहिलं, की सत्ता जबरदस्ती आणि संमती अशा दोन्ही पायांवर उभी असते. आपल्याकडे तर साम, दाम, दंड, भेद हे चार शब्द आजीच्या गोष्टीतही असतात. हे चारही शब्द एकाच प्रकरणात, एकाच वर्षात, आपल्याच जिल्ह्यात पाहायचे असतील तर १८५८चा चांदा पाहावा.

आधीचं राज्य

इंग्रज यायच्या आधी चांद्यावर गोंड राजांचं राज्य होतं, हे शहराचा परकोट आणि जटपुरा गेट पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. या राजांपैकी हीरशहाबद्दल एक परंपरा सांगितली जाते. त्याने म्हणे जाहीर केलं, की जो जंगल तोडून जमीन वहितीखाली आणेल त्याला ती जमीन मिळेल. जो तलाव बांधेल त्याला तलावाच्या पाण्यावर भिजणारी जमीन मिळेल. तलावासाठी मिळणाऱ्या अशा जमिनीच्या देणगीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपूरकरांना हा शब्द आज एका वस्तीचं नाव म्हणून माहीत आहे.

यात राजाचा फायदा होताच. जंगलातून सारा मिळत नाही, शेतीतून मिळतो. पण यातला व्यवहार लक्षात घ्या. राजाने देऊ केलेलं आधी कुणाकडून हिसकावलेलं नव्हतं. माणसाने घाम गाळायचा, तलाव उभा करायचा आणि त्या बदल्यात हक्क घ्यायचा. असा माणूस राजाच्या बाजूने उभा राहतो तो भीतीने नव्हे, कारण त्याचा तलाव आणि राजाचं राज्य एकमेकांत अडकलेले असतात.

गोंड राज्य म्हणजे रामराज्य होतं, असं मी म्हणणार नाही. एवढे किल्ले आणि परकोट उभे राहिले, तेव्हा कुणाच्या तरी पाठीवर दगड होतेच. पण राज्य टिकण्याचा एक आधार हा देण्याघेण्याचा होता. दूरच्या जंगलात राजाचा हात पोचत नव्हता. तिथे जमीनदार होते. ते नाममात्र खंडणी भरायचे, आपल्या मुलखात बंदोबस्त ठेवायचे आणि बाकी आपले आपण राजे असायचे.

१७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला. गोंड राजाला कैदेत टाकलं, पुढे त्या घराण्याला तनखा लावून दिला. जंगलातले जमीनदार मात्र जागच्या जागी राहिले. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले. औरस वारस नाही, या सबबीवर डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. चांदा कंपनी सरकारकडे आला. जमीनदार पुन्हा जागच्या जागी. ते जी नाममात्र रक्कम भरत तिला 'टाकोळी' म्हणत. चांद्याच्या जमीनदाऱ्यांमध्ये अहेरी सगळ्यात मोठी.

थोडक्यात, वर राजे बदलत होते आणि खाली मधला माणूस तोच होता. पुढे जे घडलं त्याची किल्ली या मधल्या माणसाकडे आहे.

क्रिक्टनचं गणित

बाबूराव पुलेश्वर शेडमाके हे याच व्यवस्थेतले, मोलमपल्लीचे छोटे जमीनदार. वय पंचविशीचं. सत्तावनचा उठाव उत्तरेत पेटला आणि त्यांनी गोंड आणि रोहिले मिळून सुमारे ५०० माणसं जमवली. ही सेना 'जंगोम सेना' म्हणून ओळखली जाते. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव राजेश्वर राजगोंड त्यांना येऊन मिळाले. नांदगाव-घोसरीला इंग्रजी फौजेशी गाठ पडली आणि फौजेला मार खावा लागला. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडी इथे तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला आणि त्याने बातमी पोचवली.

चांद्याला तेव्हा कॅप्टन क्रिक्टन हा डेप्युटी कमिशनर होता. स्वतःला त्याच्या जागी ठेवून पाहा. मी पाहिलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की नकाशावर सगळं त्याचं असलं तरी हातात फार थोडं आहे. रेल्वे नाही. अहेरी शंभर किलोमीटरहून लांब, मध्ये दाट जंगल आणि नद्या. तोंडावर पावसाळा. देशभर उठाव चालू असल्याने जादा फौज मागितली तरी कुठून येणार? शत्रूला प्रत्येक पायवाट माहीत, याला एकही नाही. जंगलातल्या माणसाला बाबूराव कुठे आहेत ते माहीत असणार. पण साहेबाला तो सांगेल कशाला?

दंडाची मर्यादा इथे दिसते. बंदूक माणसाला मारू शकते. लपलेला माणूस शोधून देऊ शकत नाही. त्यासाठी कुणीतरी तोंड उघडावं लागतं, वाट दाखवावी लागते. म्हणजे सत्तेला कुणाच्या तरी सहकार्याची गरज पडतेच. प्रश्न एवढाच की ते कुणाचं आणि कसं मिळवायचं. गावोगावच्या हजारो लोकांचं मन वळवायला वेळ लागतो, आणि त्यांना काहीतरी द्यावं लागतं. त्यापेक्षा एकाच माणसाला वळवणं स्वस्त. तो एक माणूस मात्र असा हवा, की ज्याच्या शब्दावर बाकीचे चालतात.

क्रिक्टनने अहेरीच्या लक्ष्मीबाईंवर दबाव आणला.

हा 'दबाव' शब्द इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येतो. त्याचा अर्थ आपण उलगडून पाहू. सरकारने नागपूरचं अख्खं राज्य नुकतंच कागदाच्या एका तुकड्यावर गिळलं होतं. चिंचगुंडीचा तळ अहेरीच्याच भागात. आपल्या मुलखात बंदोबस्त ठेवणं ही जमीनदाराची जबाबदारी. अशा वेळी लक्ष्मीबाई 'नाही' म्हणाल्या असत्या तर काय झालं असतं? व्यंकटरावांच्या जमीनदारीचं जे झालं, तेच. त्या 'हो' म्हणाल्या.

त्यांच्या माणसांनी बाबूरावांना भोपालपट्टणमला गाठलं. पहिल्यांदा पकडणाऱ्या रोहिल्यांनाच बाबूरावांनी वश केलं आणि ते निसटले. भाडोत्री संमतीचा हा धोका असतो. जो पैशाने आपला झाला तो दुसऱ्याच्या शब्दानेही फिरतो. पण १८ सप्टेंबरला ते पुन्हा सापडले आणि या वेळी थेट इंग्रजांच्या हाती गेले. चांद्याला खटला चालला आणि २१ ऑक्टोबरला फाशी झाली.

व्यंकटराव बस्तरकडे निघून गेले. १८६० मध्ये तेही सापडले. त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि अडपल्ली-घोटची जमीनदारी जप्त झाली. त्यातली ६७ गावं लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

बक्षीस कुणाच्या खिशातून?

या ६७ गावांपाशी मी बराच काळ थांबलो. इंग्रजांनी लक्ष्मीबाईंना काय दिलं? स्वतःच्या तिजोरीतला एक रुपयाही नाही. एका गोंड जमीनदाराकडून काढून घेतलं आणि दुसऱ्या गोंड जमीनदारिणीला दिलं. फाशी द्यायला एक दोर लागला, बक्षीस द्यायला एक कागद. एवढ्या खर्चात सरकारने तीन गोष्टी साधल्या.

पहिली, बंडखोर संपले. दुसरी, अहेरीचं घराणं कायमचं सरकारशी बांधलं गेलं. ज्या मालमत्तेवर कालपर्यंत दुसऱ्याचा हक्क होता, ती राखायची तर ती देणारं सरकार टिकलंच पाहिजे. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. बाकीच्या सगळ्या जमीनदारांनी हे पाहिलं. एका बाजूला चांद्याच्या तुरुंगातलं झाड, दुसऱ्या बाजूला ६७ गावं. यापुढे प्रत्येकाला वेगळं धमकावण्याची गरज उरली नाही.

संमती आणि जबरदस्ती म्हणजे तराजूची दोन पारडी, असं आपण समजतो. सत्ता थोडं इकडे टाकते, थोडं तिकडे. चांद्याचं प्रकरण वेगळं काही सांगतं. इथे जबरदस्तीतूनच संमती घडवली गेली. एकाच्या जप्तीतून दुसऱ्याचं बक्षीस निघालं. दाम आणि दंड ही एकाच नाण्याची दोन तोंडं निघाली, आणि भेद आपोआप झाला. आज दीडशेहून जास्त वर्षांनी आपण अजून 'आपल्याच माणसांनी घात केला' म्हणतो, तेव्हा तो भेद अजून काम करतोच आहे.

आता 'साम' तेवढा उरला. तोही आला. फाशीनंतर अकराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला. कंपनीचं राज्य संपलं, राणीचं सुरू झालं. धर्मात ढवळाढवळ करणार नाही, वाडवडिलांच्या जमिनीवरचे हक्क आणि जुने रीतिरिवाज मानू, शस्त्र खाली ठेवणाऱ्याला माफ करू, असं आश्वासन दिलं. ब्रिटिश प्रजाजनांच्या खुनात हात असलेल्यांना मात्र माफी नव्हती. म्हणजे चिंचगुंडीनंतर बाबूराव त्यात बसलेच नसते. तरी तारखांचा क्रम बोलका आहे. आधी ज्यांच्यापासून धोका आहे त्यांचा निकाल, मग उरलेल्यांना अभय.

हक्काची सवलत झाली

जमीनदारांचा प्रश्न सुटला. पण जंगलात राहणाऱ्या साध्या माणसाचं काय? त्याला ६७ गावं देता येत नव्हती आणि प्रत्येकाला फाशीही देता येत नव्हती. त्याच्यासाठी सरकारने जे शोधलं ते मला फाशीपेक्षाही पक्कं वाटतं.

१८६५ला पहिला वन कायदा आला, १८७८ला दुसरा, जास्त कडक. जंगलाचे प्रकार पडले. राखीव, संरक्षित. पिढ्यान्‌पिढ्या जिथून लाकूड, बांबू, मोहफुलं, चारा आणला ते जंगल सरकारी झालं. मग सरकारने 'उदार' होऊन त्यातलं थोडं परत दिलं. सरपण आणायची मुभा, गुरं चारायची मुभा, ठरलेल्या फीवर, ठरलेल्या जागी. काल जो हक्क होता तो आज सवलत झाला.

हक्क आणि सवलत यांत रोजच्या जगण्यात फरक दिसत नाही. मोळी तीच, रानही तेच. पण सवलत कधीही काढून घेता येते, आणि हे मोळी आणणाऱ्याला माहीत असतं. त्यामुळे तो नाक्यावरच्या गार्डाला वाकून नमस्कार करतो, घरची कोंबडी देतो, बोलावलं की बेगारीला जातो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, काय शांत जिल्हा आहे, लोक किती समाधानी आहेत! ज्या शांततेत भीती मुरलेली असते ती बाहेरून समाधानासारखीच दिसते.

जेव्हा मधला माणूस उरत नाही

ही घडी कधी विस्कटली? १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस, चिमूर. गांधीजींना अटक होऊन आठवडा झाला होता. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी गावागावात तरुण जागे केले होते. मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळीबार केला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गेला. मग जमाव खवळला आणि सरकारी अधिकारी मारले गेले. मालगुजार, पाटील, वजनदार माणसं, ज्यांच्या शब्दावर गाव शांत राहायचं, त्यांचं त्या दिवशी कुणी ऐकलं नाही.

पुढे सरकारकडे फक्त दंड उरला. लष्कर आलं. घरं लुटली गेली, धरपकड झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले, गावावर सामुदायिक दंड बसला. बऱ्याच जणांना फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपवास केला. सरकारने त्या उपवासाच्या बातम्या छापण्यावर बंधनं घातली.

हातात एवढं लष्कर असलेलं सरकार एका उपाशी माणसाच्या बातमीला का भ्यालं? कारण १८५८ मध्ये क्रिक्टनला जे कळलं होतं ते १९४२च्या अधिकाऱ्यांनाही कळत होतं. चिमूरमध्ये लष्कर ठेवता येतं, प्रत्येक गावात नाही. बाकीची गावं गप्प बसली पाहिजेत, आणि त्यासाठी चिमूरला काय झालं ते त्यांना कळता कामा नये. पाच वर्षांनी ते राज्य गेलं.

आजच्या जंगलात

जमीनदाऱ्या १९५१ मध्ये संपल्या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच सुमारास प्राणहिता-गोदावरी ओलांडून नक्षलवादी आले होते. त्यांनीही सुरुवात संमतीपासून केली. तेंदूपत्त्याचा दर वाढवून दिला, बांबू कटाईची मजुरी वाढवायला लावली, वनखात्याच्या जाचाला लगाम घातला. लोकांना ते खरंच हवं होतं. पण त्याच हाताने पुढे 'पोलिसांचा खबऱ्या' म्हणून माणसं मारली. दुसऱ्या बाजूने पोलीस आले. त्यांच्याकडेही बक्षिसं होती, आत्मसमर्पणाच्या योजना होत्या, आणि चौकशाही होत्या. मधल्या माणसाला दोन्हीकडून एकच प्रश्न: तू कुणाचा?

या दोन सत्ता सारख्याच होत्या, असं मी म्हणत नाही. एक निवडून आलेली, न्यायालयाला बांधलेली. दुसरी स्वतःच नेमलेली. पण रात्री दार वाजलं की आतल्या माणसाला हा फरक किती दिसतो? त्या वेळचा त्याचा 'हो' ही संमती म्हणायची का?

मला यावर एक साधी कसोटी सापडली आहे. कुणी 'हो' म्हणालं, की 'नाही' म्हटलं असतं तर त्याला काय किंमत पडली असती ते विचारायचं. लक्ष्मीबाईंच्या 'नाही'ची किंमत होती अख्खी जमीनदारी. मोळी आणणाऱ्याच्या 'नाही'ची किंमत होती सरपण. १९९०च्या गडचिरोलीत कुणाच्या 'नाही'ची किंमत जीव होती. जिथे 'नाही' इतकं महाग आहे, तिथे 'हो'ची मोजदाद करून काही कळत नाही. कुठलाही हुकूमशहा शंभरातली नव्व्याण्णव मतं दाखवतो, तेव्हा हीच कसोटी लावा.

आणि 'नाही' स्वस्त करता येतं का? धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे छोटंसं गोंड गाव या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. बांबू मात्र तरीही त्यांचा मानला जात नव्हता. वाहतूक परवान्याशिवाय तो गावाबाहेर नेता येत नव्हता आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे होतं. २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. सवलतीचा पुन्हा हक्क झाला.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांच्या ग्रामसभेची रीत. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीने घ्यायचा. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेपर्यंत थांबतो. पुन्हा चर्चा, पुन्हा अभ्यास. ही रीत वेळखाऊ आहे. रोजंदारी बुडते, माणसं कंटाळतात. तुम्हाला-मला कदाचित झेपणार नाही. पण त्या सभेत कोपऱ्यात बसलेली एखादी म्हातारी 'मला पटत नाही' म्हणाली, तर तिचं सरपण बंद होत नाही, जमीन जात नाही आणि रात्री तिचं दारही कुणी वाजवत नाही. सगळा गाव फक्त तिचं म्हणणं ऐकत बसून राहतो.